एक स्तन काढल्यावर ती बाजू सपाट ठेवून जगता येतं का?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंचं वय ४६. उजव्या स्तनाच्या कर्करोगासाठी तो स्तन काढला, काखेतल्या ग्रंथीही काढल्या. किमो झाली, रेडिएशन संपून चार महिने झाले, आता रोजची हार्मोनची गोळी चालू आहे. दुकानातून सिलिकॉनचा कृत्रिम स्तन आणला, पण तो लावला की घाम येतो, खाज सुटते आणि संध्याकाळपर्यंत खांद्यावर ब्राच्या पट्टीचा वळ उठतो. तो न लावताच राहावं असं त्यांच्या मनात आहे. पण दुकानदाराने सांगितलंय की लावला नाही तर पाठीचा कणा वाकडा होईल, आणि जाऊबाई म्हणतात की चारचौघांत असं बरं दिसत नाही. वजन उचलायचं का, ब्लाउजचं काय करायचं, पूर्वीसारखं पोहायला जाता येईल का, हेही त्यांनी विचारलंय.

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. स्तनाच्या ऑपरेशननंतर बायकांचे खांदे, हात आणि पाठ बघणं हेच माझं बरीच वर्षं काम आहे. मुख्य प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, राहता येतं. कृत्रिम स्तन हे औषध नव्हे, आणि तो लावला नाही म्हणून तुमचे उपचार अर्धवट राहिले असंही होत नाही. आजार परत येण्या-न येण्याशी त्याचा काही संबंध नाही. तो कपड्याच्या आत घालायची एक वस्तू आहे. हवी तेव्हा घाला, नको तेव्हा कपाटात ठेवा.

आता कण्याबद्दल. ही भीती मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकली आहे की जरा सविस्तर लिहिते. लहान स्तनाचं वजन पाव किलोच्या आसपास असतं, मोठ्याचं एक किलोच्या पुढेही जातं. एका बाजूचं पाव-अर्धा किलो कमी झालं म्हणून धडधाकट कणा वाकत नाही. तेवढ्या वजनाची पर्स आपण वर्षानुवर्षं एकाच खांद्याला लावून फिरतो. खेड्यातून तपासणीला येणाऱ्या कितीतरी बायकांनी ऑपरेशननंतर आत काहीच घातलेलं नसतं. त्या शेतात राबतात, डोक्यावर वैरण आणतात, आणि त्यांची पाठ ताठ असते.

मग खांदा पुढे झुकलेल्या, मान खाली गेलेल्या बायका दिसतात त्या कशामुळे? माझ्या मते तीन कारणं. ऑपरेशनच्या बाजूचा छातीचा स्नायू आखडतो, टाक्यांची रेघ खालच्या थराला चिकटून ओढ देते आणि रेडिएशनने ती सगळी जागा हळूहळू कडक होत जाते. दुसरं, दुखेल या भीतीने हात अंगाशी धरून ठेवायची सवय लागते. तिसरं, सपाट बाजू दिसू नये म्हणून बाई पोक काढून चालायला लागते. ही तिन्ही कारणं सिलिकॉनचा स्तन लावणाऱ्या बायकांमध्येही तितकीच असतात. म्हणून पाठ नीट ठेवायची तर लक्ष स्नायूंकडे द्यायला हवं.

एक अपवाद सांगते. ज्यांचा राहिलेला स्तन बराच मोठा आणि जड आहे त्यांना खरोखर त्रास होऊ शकतो. त्या बाजूच्या खांद्यावर, मानेच्या मुळाशी आणि दोन फऱ्यांच्या मधे ओढ लागते. अशा वेळी रुंद पट्टीची, चांगला आधार देणारी ब्रा घालावी. कामाचे काही तास कृत्रिम स्तन लावूनही बघावा. तरीही दुखणं थांबलं नाही तर उरलेला स्तन ऑपरेशनने लहान करून घेता येतो, त्याबद्दल सर्जनशी बोलावं.

तुमचं काय आहे ते घरीच बघता येईल. भिंतीला पाठ लावून उभ्या राहा. टाचा भिंतीपासून दोन-चार बोटं पुढे, नितंब, दोन्ही फरे आणि डोकं भिंतीला. उजवा फरा डाव्याइतका टेकतो का? नंतर नुसत्या परकर-ब्रावर किंवा घट्ट गंजीफ्रॉकवर मागून फोटो काढायला सांगा आणि दोन्ही खांदे एका रेषेत आहेत का ते बघा. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तसाच फोटो घ्या. फरक वाढत असेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. वाढत नसेल तर दुकानदाराचं बोलणं मनातून काढून टाका.

तुमचा हात किती वर जातो ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि मला नेमकं तेच कळायला हवं होतं. रेडिएशन संपलं, जखम भरली, हात बऱ्यापैकी हलतो, मग व्यायाम सुटतो, असं हमखास होतं. रेडिएशनचा कडकपणा मात्र त्यानंतरही वर्ष-दोन वर्षं वाढत राहू शकतो. म्हणून ताणाचे व्यायाम दात घासण्यासारखे रोजचे ठेवा. पाठीवर झोपून दोन्ही हातांत लाटणं किंवा काठी धरून सरळ डोक्यामागे न्यायची. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी वर चढत जायचं. दाराच्या चौकटीला कोपरापासूनचा हात टेकवून एक पाऊल पुढे टाकायचं, म्हणजे छातीच्या पुढच्या बाजूला ताण येतो. खांदे मागे नेऊन दोन्ही फरे एकमेकांजवळ आणायचे, पाच आकडे धरायचे, सोडायचे. ताण जाणवला पाहिजे, कळ येता कामा नये. दंड कानाला लागणं, हात पाठीमागे नेऊन ब्राचा हुक लावता येणं आणि वरच्या फळीवरचा डबा काढता येणं, एवढं जमलं की खांदा चांगला आहे असं मी समजते.

काखेतून दंडावर, कधी कोपराच्याही खाली उतरणारी ताणलेली दोरी हात वर केल्यावर दिसली किंवा लागली तर घाबरू नका. काखेतल्या ग्रंथी काढल्यावर काही जणींना असं होतं, बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन महिन्यांत, कधी उशिराही. हळूहळू ताण देऊन आणि फिजिओथेरपिस्टकडून मोकळं करून घेऊन ती जाते. हात न हलवता ठेवलात तर मात्र खांदा गोठतो आणि मग सगळंच लांबतं.

वजनाबद्दल तुम्हाला कुणीतरी सांगितलंय की त्या हाताने आता कायमच काही उचलायचं नाही. काखेतल्या ग्रंथी काढल्यावर हाताला सूज येऊ शकते, तिच्या भीतीने दिला जाणारा हा सल्ला आता जुना झाला. २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. हाताला आधीच सूज असलेल्या १४१ स्त्रिया त्यात होत्या. त्यांतल्या निम्म्या जणींना देखरेखीखाली, अगदी हलक्या वजनापासून सुरू करून सावकाश वाढवत व्यायाम दिला गेला. वर्षभरानंतर त्यांची सूज न उचलणाऱ्यांपेक्षा वाढलेली नव्हती, उलट सूज एकदम बळावण्याचे प्रसंग त्यांच्यात कमी झाले. तुम्ही अर्ध्या-एक किलोपासून सुरू करा, पाण्याची बाटलीही चालेल. दर आठवड्या-दोन आठवड्यांनी थोडं वाढवा. महिनोन्महिने हात आरामात ठेवायचा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदम गादी उचलायची, हे मात्र करू नका. हार्मोनच्या काही गोळ्यांनी हाडं विरळ होतात, त्यामुळे वजनाचा व्यायाम तुमच्या हाडांनाही हवाच आहे. तुमची गोळी त्यांतली आहे का, ते डॉक्टरांना विचारा.

सूज येण्याची शक्यता आहे, ती लपवत नाही. काखेतल्या ग्रंथी पूर्ण काढलेल्या बायकांपैकी साधारण पाचात एकीला ती येते. जिच्या दोन-चारच ग्रंथी तपासणीसाठी काढल्या तिला शक्यता बरीच कमी, वीसात एकीच्या आसपास. रेडिएशनने शक्यता वाढते, वाढलेल्या वजनानेही वाढते. लवकर ओळखण्याचं साधन तुमच्या हातातच आहे. उजव्या हातातल्या बांगड्या नेहमीसारख्या फिरतात का, अंगठी अडते का, ब्लाउजची बाही त्याच दंडावर आवळते का, यावर लक्ष ठेवा. सूज नवी असताना दाबपट्टीच्या बाहीने आणि व्यायामाने चांगली आटोक्यात येते, जुनी झाल्यावर चिवट होते. हात एकाएकी लाल, गरम झाला आणि ताप आला तर तो जंतुसंसर्ग समजा. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, सकाळची वाट बघू नका. सुई टोचणं आणि रक्तदाब मोजणं शक्यतो डाव्या हाताला करून घ्या. तातडीची वेळ असेल आणि उजव्याच हाताची शीर सापडली तर अडून बसू नका.

याच संदर्भात तुमच्या खांद्यावरचा वळ मला महत्त्वाचा वाटतो. जड कृत्रिम स्तन, अरुंद पट्टी आणि तोही ग्रंथी काढलेल्या बाजूला, हे बरोबर नाही. तो लावायचाच असेल तर रुंद पट्टीची ब्रा घ्या, आत कापडी खिसा शिवून घ्या म्हणजे सिलिकॉन थेट कातडीला लागणार नाही. रोज रात्री काढून साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडा करा. रेडिएशन झालेली कातडी लाल किंवा सोललेली असेल तोवर मुळीच लावू नका.

सिलिकॉनखेरीज हलके पर्याय आहेत, ते दुकानदार सहसा पुढे करत नाही. सुती धाग्याने विणलेला, आत मऊ भरण असलेला स्तन वजनाला नगण्य असतो, घरी धुता येतो आणि उन्हाळ्यात बरा पडतो. मुंबईची साइशा इंडिया फाउंडेशन ही संस्था असे विणलेले स्तन मोफत देते. घरीही मऊ सुती कापडाची पिशवी शिवून आत कापूस किंवा उशीचं फायबर भरता येतं. अडचण एकच, हलका असल्यामुळे तो वर सरकतो. म्हणून खालच्या कडेला थोडं वजन शिवून घ्या किंवा आतून बटणाने ब्राला अडकवा. काही जणी त्यासाठी मोहरी भरतात. पावसाळ्यात ती दमट होते, त्यामुळे अधूनमधून बदलावी लागते.

आणि काहीच नको असेल तर काहीच नको. मग प्रश्न उरतो कपड्यांचा, त्यातली अडचण खरी आहे.

रिकाम्या बाजूला ब्रा वर चढते, कारण तिला खाली धरून ठेवायला काही नसतं. घट्ट बसणारी, बिनहुकाची स्पोर्ट्स ब्रा किंवा जाड कापडाची स्लिप घातली तर डावी बाजूही थोडी दबते आणि दोन्हींतला फरक कमी दिसतो. घरी गाऊन असेल तर बारीक छापाचा आणि पुढे चुण्या असलेला घ्या. मोठं नक्षीकाम आणि आडव्या रेघा फरक उघड करतात.

ब्लाउज शिवायला टाकताना बहुतेक जणी लाजेने जुनंच माप देतात आणि मग उजवीकडे कापडाचा फुगा तरंगत राहतो. असं करू नका. शिंप्याला, संकोच वाटत असेल तर शिवणकाम करणाऱ्या एखाद्या बाईला, स्पष्ट सांगा की दोन्ही बाजूंचं माप वेगळं घ्या. खांद्यापासून कमरेपर्यंतचं पुढचं माप भरलेल्या बाजूला जास्त येतं, सपाट बाजूला कमी. सपाट बाजूला टक्स नको, किंवा अगदी नावाला. कटोरी ब्लाउज टाळा, रिकामी कटोरी चुरगळून आत बसते. गळा वर घ्या, कारण खाली वाकलं की सपाट बाजूला गळा उघडा पडतो. काख आणि बाही सैल, हुक पुढे. खणासारखं जरा ताठ कापड स्वतःचा आकार धरतं. सिल्क आणि जॉर्जेट अंगाला चिकटतात, त्यांना आतून जाड अस्तर लावा.

साडीत एक गोष्ट लक्षात घ्या. आपला पदर डाव्या खांद्यावर, म्हणजे पदराच्या घड्यांचा जाड थर डाव्या छातीवर येतो. उजवीकडे साडीचा एकच थर ताणून बसतो, त्यामुळे उजवी बाजू सपाट असलेल्या बाईची सपाटी जास्त दिसते. पदराला घड्या न घालता तो मोकळा सोडून मागून उजव्या खांद्यावर घेतलात तर हे सहज झाकतं. गुजराती पद्धतीचा पदर तर तुमच्या सोयीचाच आहे, घड्या नेमक्या उजवीकडे पुढे येतात. डावी बाजू गेलेल्या बाईला आपला नेहमीचा पिन लावलेला पदरच पुरतो.

हे सगळं मी झाकायच्या दृष्टीने लिहिलं, कारण तुम्ही तसं विचारलंत. झाकलंच पाहिजे असं माझं म्हणणं नाही. माझ्याकडे येणाऱ्या एक शिक्षिका वर्गात साधा कुर्ता घालून उभ्या राहतात. पहिले काही दिवस मुलींच्या नजरा छातीकडे जायच्या, नंतर कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. दुसऱ्या एक जणी घरी आणि बाजारात सपाट असतात, लग्नकार्यात लावतात. दोघींचंही बरोबर आहे. जाऊबाईंना एवढंच सांगा की ते लावल्यावर अंगाला त्रास होतो, म्हणून डॉक्टरांना विचारून बंद केलंय. काळजीपोटी बोलणाऱ्या माणसाला तेवढं पुरतं. काळजी नसेल तर कितीही समजावलं तरी उपयोग नाही, त्यात तुमची ताकद घालवू नका.

यजमानांबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, की अजून त्यांच्यासमोर कपडे बदलत नाही. घाई नाही. पण आधी स्वतः आरशात बघा, आंघोळीच्या वेळी त्या जागेवरून हात फिरवा. जखम पूर्ण भरलेली असेल तर रोज पाच मिनिटं खोबरेल तेलाने रेघेवर आणि आजूबाजूला बोटांनी गोल, हलका दाब देऊन मालीश करा. कातडी मोकळी होते आणि हाताला त्या जागेची ओळखही होते. जमेल तेव्हा हेच मालीश नवऱ्याकडून करून घ्या. बघू की नको अशा अवघडलेपणात दोघंही अडकलेले असतात, अशा वेळी हाताला काम असलं की सोपं जातं. नवराही घाबरलेला असतो, आपल्या हाताने तिला दुखेल या भीतीने तो लांब राहतो आणि तिला वाटतं, त्याला आता मी नकोशी झाले. हा गैरसमज मी फार घरांत पाहिला आहे.

त्या जागेवर आणि दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा राहतो, कधी मुंग्या येतात, कधी गेलेल्या स्तनालाच खाज सुटल्यासारखं वाटतं. नसा कापल्या गेल्यामुळे हे होतं, त्यात तुमच्या मनाचा दोष नाही. बधिर जागेवर गरम पाण्याची पिशवी कधीही ठेवू नका, भाजल्याचं कळत नाही. काखेकडच्या टोकाला कातडीची घडी उरली असेल तर तिथे घाम साचून चट्टे उठतात, ती जागा कोरडी ठेवा. घडी फार टोचत असेल तर छोट्या ऑपरेशनने काढता येते. छाती नीटस सपाट करून देणं हेही सर्जनचं रीतसर काम आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २०२० मध्ये आपल्या शब्दकोशात त्याची वेगळी नोंदच केली. तेव्हा हे मागताना ‘एवढ्याशासाठी कशाला’ असं मनात आणू नका. पुढे कधी नवा स्तन करून घ्यावासा वाटला तर तोही मार्ग बंद झालेला नाही, वर्षांनंतरही करता येतो. रेडिएशन झालेल्या छातीवर सहसा पोटाचं किंवा पाठीचं स्वतःचंच मांस वापरणं जास्त चांगलं ठरतं.

महिन्यातून एकदा रेघ आणि सपाट छाती बोटांनी चाचपा. स्तन नसल्यामुळे बरगड्या हाताला थेट लागतात, आणि बरगडी जिथे कूर्चेला जुळते तिथला उंचवटा गाठ म्हणून पुष्कळ जणी रडत येतात. डावीकडे त्याच जागी दाबून बघा, तसाच लागला तर ते हाड आहे. रेघेवर तांदळाच्या दाण्याएवढी नवी कडक गाठ, न जाणारा लाल चट्टा, जाड होत जाणारी कातडी किंवा व्रण दिसला तर पुढच्या तपासणीची तारीख यायची वाट न बघता दाखवा. डाव्या स्तनाची मॅमोग्राफी दर वर्षी चुकवू नका.

शेवटी तुम्ही विचारलंत की बरोबरी साधायला डावा स्तनही काढावा का. केवळ बरोबरीसाठी, असं माझं मत विचाराल तर नको. आनुवंशिक दोष नसेल तर दुसऱ्या स्तनात नवा कर्करोग होण्याची शक्यता वर्षाला साधारण अर्धा टक्का किंवा त्याहूनही कमी असते, हार्मोनच्या गोळीने ती आणखी घटते, आणि तो स्तन काढल्याने आयुष्य वाढत नाही. मात्र तुमचा आजार पन्नाशीच्या आत निघालाय, म्हणून बीआरसीएची, म्हणजे असा आनुवंशिक दोष शोधणारी, रक्ततपासणी झाली नसेल तर डॉक्टरांकडे विषय काढा. त्यात दोष निघाला तर हिशोब बदलतो.

पोहायला जरूर जा. कातडी पूर्ण बरी झालेली असावी, कुठे ओल किंवा चीर नसावी. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं, पाठीवरचं किंवा छातीवरचं सावकाश पोहणं. फ्रीस्टाइलचा हात डोक्यावरून नेताना ओढ लागत असेल तर तो महिनाभर थांबवा. लांब बाह्यांचा सैलसर पोशाख घेतलात तर रेडिएशनची कातडी उन्हापासूनही वाचते. आत विणलेला स्तन घातलात तर तो पाणी पिऊन जड होतो, बाहेर आल्यावर पिळून काढावा लागतो. म्हणून पाण्यात तो नसलेलाच बरा. बाहेर आल्यावर क्लोरीन साध्या पाण्याने धुऊन टाका, अंग पुसून तेल किंवा मॉइश्चरायझर लावा, आणि घरी जाण्याआधी उजव्या हातातल्या बांगड्या एकदा फिरवून बघा.